पुढचे दोन दात

शनिवारी सकाळी न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला. त्याच्याकडे शुक्रवारची रात्र. "आई, जूनमध्ये ऑर्लँडोला जायचं म्हणतोय. डिस्ने वर्ल्ड. छोटी तीनची व्हायच्या आत उरकून टाकू."

दाढ काढायची असली तर 'उरकून टाकू' म्हणतात. मी विचारलं, एवढी घाई कसली? तर म्हणाला, तिथे तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीटच पडत नाही. तीन ते नऊ बालतिकीट आणि दहावं लागलं की पोरगं मोठ्या माणसात जमा. आमची नात जूनमध्ये दोन वर्षं दहा महिन्यांची असेल. दोन महिन्यांनी गेलं तर पूर्ण बालतिकीट, आणि तिथलं बालतिकीट मोठ्यांच्या तिकिटापेक्षा फार काही स्वस्त नसतं.

मला हसूच आलं. मुलगा इंजिनियर, अमेरिकेत घर घेतलेला, पण हिशेब थेट माझ्या आईचा. तिने तो पुसेगावच्या एसटीत मांडला होता.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. नोटांच्या माळा लावलेला रथ, खिल्लार बैलांचा बाजार, कुस्त्यांचा फड, सगळं असायचं. आम्ही वर्षभर त्या यात्रेकडे डोळे लावून बसायचो. गोष्ट १९६९ सालची असेल. मी सहा वर्षांची. गाडीत चढताना आईने बजावलं होतं, "गुडघं दुमडून बस, आन् वाकून बस." कंडक्टर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई म्हणाली, "लहान हाय ओ अजून. दुधाचं दातबी पडल्यालं न्हाईत."

कंडक्टर पन्नाशीचा, शहाणा माणूस होता. त्याने पंचाने कानामागे खाजवलं आणि मला म्हणाला, "हास की गं पोरी जरा."

मी हसले. वरचे पुढचे दोन्ही दात नव्हते.

गाडीत जे हसू पिकलं ते माझ्या अजून कानात आहे. त्याने निमूट अर्धं तिकीट फाडून आईच्या हातात दिलं. आईने मला जो चिमटा काढला तो पुसेगाव येईपर्यंत झोंबत होता. "दात दावायला कुणी सांगितलं हुतं?"

आजही एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट असतं. पण त्या कंडक्टरने दाखल्यावरची तारीख विचारली नाही, दात बघितले. मुलाचं वय ठरवायची इतकी नेमकी पद्धत मला पुढे कुठे दिसली नाही. का, ते सांगते.

यात्रेत पाळण्याचंही वय असायचं, पण ते कुठे लिहिलेलं नसे. लहान पाळणा लाकडी होता. चार पेट्यांचा, दोन माणसं हाताने फिरवायची. त्या पाळणेवाल्याची परीक्षा एकच: पेटीत बसवल्यावर मुलाचा हात समोरच्या दांडीला पुरतो का, आणि पुरला तर ते ती घट्ट धरतं का. हात न पुरणाऱ्याला तो उचलून परत बापाकडे द्यायचा. "पुढल्या साली आणा." बाप काही भांडायचा नाही, कारण पुढल्या साली यात्रा येणारच होती. तीच यात्रा, तोच माळ, बहुतेक तोच पाळणेवाला.

त्यामुळे 'योग्य वय कोणतं' हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारला नाही. चौथ्या वर्षी मी वडिलांच्या खांद्यावर बसून पिपाणी वाजवली आणि त्यांच्या फेट्यावर गोडी शेव सांडली. सहाव्या वर्षी लाकडी घोडा. आठव्या वर्षी हाताचा पाळणा आणि खाली उतरल्यावर ओकारी. दहाव्या वर्षी मौतका कुवा: फळ्यांच्या विहिरीवर काठाला उभं राहायचं, खालून मोटारसायकल गरगरत वर यायची आणि पायाखालच्या फळ्या थरथरायच्या. अकराव्या वर्षी इंजिनावर चालणारा मोठा आकाशपाळणा. वर गेलं की रथ, देऊळ, बैलबाजार आणि पालांचे पांढरे ठिपके एकदम दिसायचे. एकेक वर्ष, एकेक पायरी. यंदा चुकलं ते पुढच्या मार्गशीर्षात मिळायचं.

आणखी एक होतं. आम्ही पाळण्यात असताना घरातलं कुणी ताटकळत नसे. वडील बैलबाजारात दातच बघत असायचे, बैलांचे. आई आणि आत्या बांगड्या भरायला. आजी दर्शनाच्या रांगेत. काका कुठे असायचे ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि तमाशाच्या कनातीचं नाव कुणी काढायचं नाही. पोराला 'यात्रेला नेणं' असं काही नव्हतंच. सगळं घर आपापल्या कामाने जायचं आणि पोरं त्यात असायची.

स्मरणरंजनात एक लबाडी चालते, ती इथेच कबूल करते. त्या पाळण्याला पट्टा नव्हता. लोखंडाची एक आकडी, ती पण गंजकी. आमच्या शेजारच्या गावचा एक मुलगा पेटीतून पडून हात मोडून घेऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी पाळणा पुन्हा फिरत होता आणि आम्ही त्यात बसलो होतो. शिवाय माझ्या पाळण्याचं वय कुणी उंचीने संपवलं नाही. तेरावं लागलं त्या वर्षी मी रांगेकडे निघाले तर आत्या म्हणाली, "पुरं आता. मोठी झालीस. चल, बांगड्या बघू." माझ्याहून दीड वर्षाने मोठा चुलतभाऊ माझ्यासमोर पाळण्यात जाऊन बसला. मी हिरव्या बांगड्या भरून घरी आले.

लग्नानंतर आम्ही डोंबिवलीला आलो. मुंबईच्या मुलांच्या यात्रा वेगळ्या होत्या. राणीच्या बागेतले प्राणी, मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, चौपाटीवरचं घोड्यांचं चक्र. पुण्याला नणंदेकडे गेलं की पेशवे पार्कातली फुलराणी. ती १९५६ पासून धावतेय. या सगळ्याला ना उंचीची अट ना वयाचा जाच. मग १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि त्याची जाहिरात टीव्हीवर लागली. तिथे पाऊल न ठेवलेल्या पोरांनाही ते गाणं पाठ होतं. पुढे १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम आलं, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. गोराईचं एस्सेल वर्ल्ड आता बंद पडलंय, पण माझ्या लेकीच्या पिढीला विचाराल तर तिथे नेणाऱ्या लाँचचा वास आणि खारा वारा त्यांना अजून आठवतो.

मी सांगणार आहे ती फजिती मात्र दुसऱ्या एका उद्यानातली. त्याचं नाव घेत नाही, कारण चूक त्याची नव्हती, आमची होती.

१९९६ चा मे. ह्यांच्या ऑफिसची सहल, कुटुंबासह. लेक आठ वर्षांची, मुलगा नुकता तिसरं पूर्ण केलेला. आम्ही दोघांनी साधा विचार केला: मुलं दोन, एक आठचं, एक तीनचं, म्हणजे सरासरी बरी पडते. मुलांच्या वयाची सरासरी निघत नाही हे कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

पहिल्याच राइडपाशी पुठ्ठ्याचा विदूषक उभा होता, एक हात आडवा पसरलेला. त्या हाताखालून जो जाईल त्याला प्रवेश नाही. लेक टाचा उंचावून उभी राहिली. मी म्हणाले, "ताठ उभी राहा गं, मान वर कर." आणि तेवढ्यात मला आईचं 'वाकून बस' आठवलं. सत्तावीस वर्षांत आमच्या घराण्याचा उद्योग असा उलटा झाला होता! आईला मला लहान दाखवायचं होतं आणि मला लेकीला मोठं. लेक पास झाली. मुलगा विदूषकाच्या कोपराएवढा पण नव्हता.

मग सुरू झालं. हे लेकीबरोबर रांगेत, मी मुलाला घेऊन झाडाखाली. पाऊण तासाने त्यांचा नंबर आला तेव्हा मुलाने 'बाबा पाहिजे' म्हणून टाहो फोडला. हे रांगेतून बाहेर आले, मी रांगेत जायला निघाले, तोवर लेकीला एकटीला बसवायला तिथल्या माणसाने नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं. पुढच्या राइडला मुलाला शू लागली. त्याच्या पुढच्याला एका माणसाने अस्वलाचा पोशाख घालून त्याच्याशी हात मिळवला. तेव्हापासून माझा मुलगा माझ्या खांद्यात तोंड खुपसून होता, तो तसाच घामाघूम झोपला. तेरा किलोचं ओझं, मे महिन्याचं ऊन, गरम झालेली पाण्याची बाटली. सात तासांत लेकीच्या वाट्याला दोन राइड आल्या. त्यातली एक पाण्यातली बदकं, तिच्या वयाला न शोभणारी.

परतीच्या बसमध्ये बाकीची मुलं गाण्यांच्या भेंड्या खेळत होती. ती खिडकीबाहेर बघत होती. तेव्हा काही बोलली नाही. मोठी झाल्यावर एकदा म्हणाली, "आई, त्या दिवसातलं मला काय आठवतं सांगू? तो विदूषक. मी त्याच्यापेक्षा उंच होते."

आणि ज्याच्यापायी हे सगळं झालं तो म्हणतो, "मला आठवतं ना, मी लाल टोपी घातली होती." ती टोपी फोटोत आहे. त्याला आठवतो तो फोटो. तीन-साडेतीन वर्षांआधीचं माणसाला मोठेपणी जवळजवळ काहीच आठवत नाही, हे मानसशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. आमच्याकडे त्याचा पुरावाच घरात वाढला.

तर या मुलाला आता स्वतःच्या मुलीला तीनच्या आत न्यायचंय.

मी त्याला फोनवरच विचारलं, नातीची उंची किती? छत्तीस इंच. मग मी लेकीच्या मुलाला कामाला लावलं. दहा मिनिटांत त्याने ऑर्लँडोची सगळी यादी काढून दिली. सात बुटक्यांच्या खाणीतल्या आगगाडीला अडतीस इंच लागतात. स्पेस माउंटनला चव्वेचाळीस. ट्रॉनला अठ्ठेचाळीस. उडत्या हत्तीला, डम्बोला, अट नाही. घोड्यांच्या चक्राला नाही, बाहुल्यांच्या होडीला नाही. म्हणजे अगदीच उपाशी राहील असं नव्हे. पण उडता हत्ती आणि घोडे बघायला विमानाने जायचं, तर मग आपली फुलराणी काय वाईट?

मुलगा त्यावर जे बोलला त्याने मी जरा गप्प झाले. म्हणाला, "आई, ती विसरणारच आहे, मला माहितीये. आम्हाला तिचा चेहरा बघायचाय, मिकी समोर आल्यावरचा."

हे खरं कारण होतं आणि ते मला मान्य आहे. खुद्द वॉल्ट डिस्नेची गोष्ट अशीच सांगतात. शनिवारी तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घेऊन जायचा. मुली घोड्यांच्या चक्रावर आणि हा बाकड्यावर शेंगदाणे खात. तिथे त्याच्या मनात आलं की आईबाप आणि मुलं, दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा पाहिजे. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं. म्हणजे या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी एक कंटाळलेला बापच आहे. (त्याला पुसेगावचा बैलबाजार कुणी दाखवला नाही, एवढंच.) तेव्हा आईबापांनी स्वतःच्या हौसेसाठी जावं, खुशाल जावं. दुपारी पोराला झोपवायला हॉटेलवर परत यावं, चार राइडवर समाधान मानावं. तिथे एक सोय चांगली आहे: एक पालक मुलाला घेऊन बाहेर थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. १९९६ साली असं काही आमच्या वाट्याला आलं असतं तर लेकीच्या खात्यात आणखी तीन-चार राइड पडल्या असत्या. फक्त 'पोरीसाठी चाललोय' असं म्हणू नये, आणि तिथे ती रडली की 'एवढा खर्च केला' असं तर मुळीच म्हणू नये.

पण मला विचाराल तर योग्य वय कोणतं?

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या मुलाबरोबर इमॅजिकाला गेले होते. तो तेव्हा साडेसात वर्षांचा. स्वतःचा स्वतः बाथरूमला जाऊन येणारा, रांगेत उभं राहून पुढच्या काकांशी क्रिकेटवर वाद घालणारा, भीती वाटली तर 'मला हे नको' म्हणू शकणारा. नायट्रोच्या पाटीपाशी त्याची उंची कमी पडली. मला धस्स झालं, आता भोकाड पसरणार. त्याने पट्टीकडे पाहिलं, वरच्या रेषेकडे पाहिलं, दोन्हींतलं अंतर बोटांनी मोजलं आणि म्हणाला, "अजून एवढं." मग हसला आणि पुढच्या राइडकडे पळाला. पुढचे दोन दात नुकते पडून नवे अर्धवट आलेले, करवतीसारखे.

तेव्हा मला तो कंडक्टर आठवला.

दुधाचे पुढचे दात साधारण सहा-सातच्या सुमाराला पडतात. त्याच सुमाराला मुलाला 'आत्ता नाही, नंतर' हे ऐकून घेता येतं. घडलेलं लक्षात राहू लागतं, आणि तरीही मिकीच्या पोशाखात आत माणूस आहे हे कळून न कळल्यासारखं करण्याइतका भाबडेपणा शिल्लक असतो. तिथून बाराव्या वर्षापर्यंतचा काळ चांगला. म्हणजे घरचं पंचांग काढायला नको, एसटीचं अर्धं तिकीट बघावं आणि त्यातली पहिली दीड-दोन वर्षं सोडून द्यावीत. दोन मुलं असली तर धाकट्याचे दात बघावेत, थोरल्याचे नव्हे. थोरल्याला धीर नसला तर धाकट्याला आजीकडे ठेवून जावं. आजीला आधी विचारावं, एवढंच.

आता लोक असं वय मुहूर्त काढावा तसं काढतात, त्यांना मी हसत नाही. पुसेगावची यात्रा दरवर्षी यायची आणि खिशातल्या चिल्लरीत भागायची. इथे रजा, विमान, तिकिटं, हॉटेल, एकदाच जमणार. पाळणेवाल्यासारखं 'पुढल्या साली आणा' कुणी म्हटलं तर पोटात गोळा येतो. म्हणून तर तीनच्या आत घुसवायची धडपड.

त्या दिवशी इमॅजिकात एक गोष्ट मी केली, ती घरी कुणाला फारशी सांगितली नाही. नातू म्हणाला, "आजी, तू नुसती बॅगा काय सांभाळतेस?" आणि मला ओढत घोड्यांच्या चक्रावर घेऊन गेला. तिथल्या पोराने माझी उंची मोजली नाही की वय विचारलं नाही. पदर खोचून मी पांढऱ्या घोड्यावर बसले. आत्याने रांगेतून परत नेलं त्याला सत्तेचाळीस वर्षं होऊन गेली होती. आजूबाजूला पंजाबी ड्रेसमधल्या, जीन्समधल्या, नऊवारीतल्यासुद्धा बायका घोड्यांवर बसलेल्या, आणि कुणी कुणाला 'पुरं आता' म्हणत नव्हतं. एवढ्यापुरतं तरी आत्ताचं दिवसमान मला तेव्हापेक्षा बरं वाटतं.

मुलाला हे सगळं मी फोनवर सांगितलं, दातांची गोष्ट पण. तो सून आणि तिची आई यांच्याशी बोलून ठरवतो म्हणाला. परवा व्हिडिओ कॉल लावला आणि नातीला पुढे केलं. "आजीला हसून दाखव." ती मोठ्ठं हसली. मी चष्मा लावून मोजले.

वीसच्या वीस दात जागेवर आहेत.